खाडीकांठच्या शांत वाटा

सायकलवरून दूरवर हिंडावें अशी ज्याला हौस आहे, तो पहिला प्रश्न विचारतो तो असा कीं, शांत रस्ता कोठें मिळेल? मोठ्या हमरस्त्यावर मोटारींची आणि मालमोटारींची रांग अखंड चालू असते. धूळ, धूर आणि कर्कश भोंगे यांच्या संगतींत कोसन्‌कोस पाय मारण्यांत कोणालाही आनंद वाटणार नाहीं. म्हणून हा गृहस्थ नकाशा उघडतो आणि बारीक रेषा शोधूं लागतो. परंतु नकाशावरील बारीक रेषा कधीं मध्येंच खाजणांत संपते, कधीं एकाद्या खिंडीच्या चढावर दम काढते, तर कधीं शनिवारीं-रविवारीं मोटारींनीं भरून वाहते. शांत रस्ता नुसत्या नकाशावरून सांपडत नाहीं. ज्या जमिनीवरून तो जातो तिची घडण समजली म्हणजे तो सांपडतो. ही गोष्ट आज मी एका ओळखीच्या प्रदेशाच्या आधारानें सांगणार आहें. तो प्रदेश म्हणजे मांडव्यापासून हरिहरेश्वरापर्यंतचा रायगड जिल्ह्याचा समुद्रकांठ. १९८१ सालापर्यंत या जिल्ह्याला कुलाबा म्हणत असत.

या किनाऱ्याची रचना मोठी नियमबद्ध आहे. समुद्राकडून डोंगराकडे जाऊं लागलें म्हणजे जमिनीचे चार पट्टे क्रमानें लागतात. पहिला पट्टा वाळूचा. या वाळूवर नारळी-पोफळींच्या वाड्या असतात, कारण वाळूंत गोडें पाणी थोड्या खोलीवर लागतें. दुसरा पट्टा खाडीच्या चिखलाचा. तेथें तिवरांचीं व चिपीचीं झाडें वाढतात, किंवा माणसानें बांध घालून खारीं शेतें केलेलीं असतात. तिसरा पट्टा डोंगराच्या पायथ्याचा. बहुतेक जुनीं गांवें याच पट्ट्यांत आहेत. कारण उधाणाचें पाणी तेथवर चढत नाहीं आणि डोंगरांतून झिरपलेलें पाणी विहिरींना मिळतें. चौथा पट्टा डोंगराचा, काळ्या पाषाणाचा, आणि दक्षिणेकडे माथ्यावर जांभ्या दगडाचा.

आतां रस्त्यांचा विचार करूं. आजचा हमरस्ता या पट्ट्यांची पर्वा करीत नाहीं; तो भराव घालून चिखल ओलांडतो आणि सुरुंग लावून डोंगर फोडतो. जुना गांवरस्ता तसें करूं शकत नव्हता. तो बैलगाडीच्या आणि डोईवर ओझें घेऊन चालणाऱ्या माणसाच्या सोयीनें पडला. म्हणून तो तिसऱ्या पट्ट्यांतून, पायथ्याच्या वळणावळणानें, एका विहिरीपासून दुसऱ्या विहिरीपर्यंत जातो. सायकलस्वाराचें बळ आणि वेग हीं त्या जुन्या वाटसरूच्या जवळचीं आहेत, मोटारीच्या जवळचीं नाहींत. यास्तव नियम असा सांगतां येईल: ज्या रस्त्याच्या एका हाताला डोंगराचा उतार व दुसऱ्या हाताला भाताचीं खाचरें आहेत, तो रस्ता सायकलीचा. तो लांबचा असेल, पण त्यावर सावली असते, पाणी मिळतें आणि चढ बेताचा असतो.

खाचरांच्या पलीकडे जो बांध दिसतो, त्याची हकीकत सांगितल्यावांचून या प्रदेशाची ओळख पुरी होणार नाहीं. खारभूमि ही निसर्गानें दिलेली जमीन नव्हे. भरतीचें पाणी ज्या चिखलावर दिवसांतून दोनदां चढत होतें, त्याच्या बाहेरच्या कडेनें शेतकऱ्यांनीं माती-दगडांचा कांठा घातला आणि समुद्राला बाहेर ठेवलें. जुन्या महसुली कागदपत्रांत अशा जमिनीस शिलोत्री हें नांव आढळतें. कांठ्यांत ठिकठिकाणीं उघाड्या असतात. उघाडी म्हणजे पाणी सोडण्याचें दार. त्याची झडप अशी टांगलेली असते कीं, बाहेर भरती चढली म्हणजे पाण्याच्या दाबानेंच ती मिटते. ओहोटी लागली म्हणजे आंतलें पावसाचें पाणी तिला ढकलून बाहेर निघून जातें. राखणदार नको, यंत्र नको. चंद्राच्या ओढीनें चालणारें हें दार आहे. जून-जुलैच्या पावसानें मातींतला खार धुऊन निघतो, मग तींत भात होतें. उन्हाळ्यांत तोच खार जमिनीवर पुन्हां पांढरा फुटतो. गांवच्या तळ्यांत जिताडा नांवाचा मासा वाढवितात. थोड्या उंचावरील गोड्या जमिनींत भातानंतर पांढरा कांदा होतो. या कांद्याला २०२२ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें.

रेवसहून धरमतर खाडीच्या अंगानें पोयनाडकडे जातांना हा सारा संसार दृष्टीस पडतो. माणकुळें, शहापूर, धेरंड हीं त्या बाजूचीं खारांतलीं गांवें. हिवाळ्याच्या सकाळीं येथें बगळे, खंड्या, तुतवार आणि आकाशांत फिरणारी ब्राह्मणी घार यांचीच काय ती वर्दळ. पण या निवांतपणाच्या पोटीं मोठा इतिहास आहे. याच भागांत चरी हें गांव आहे. बांध घालणारे आणि राबणारे एक, आणि धान्याचा मोठा वाटा नेणारे खोत दुसरे, अशी तेथील स्थिति होती. १९३३ सालीं नारायण नागू पाटील यांच्या पुढारीपणाखालीं चरीच्या परिसरांतील कुळांनीं संप पुकारला. तो १९३९ सालापर्यंत चालला. इतकीं वर्षें शेतें पडीत राहिलीं. माणसांनीं हाल काढले, पण माघार घेतली नाहीं. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीं या कुळांची बाजू घेतली आणि १९३७ सालीं मुंबईच्या विधिमंडळांत खोती नष्ट करण्याचें बिल मांडलें. पुढें १९४९ च्या कायद्यानें खोती गेली. ज्या रस्त्यावरून आपण शीळ घालीत पुढें जातों, त्याच्या कडेच्या प्रत्येक खाचराला एवढी किंमत पडलेली आहे.

आतां प्रत्यक्ष मार्गाकडे वळूं. मुंबईकरांना मांडव्यास येण्यासाठीं जलमार्ग आहे. २०२० सालापासून भाऊच्या धक्क्यावरून मोटारी वाहून नेणारी मोठी बोटही चालू झाली आहे, तींतून सायकल नेतां येते. मांडव्याहून अलिबाग सुमारें वीस किलोमीटर. वाटेंत मापगांवापाशीं कनकेश्वराचा डोंगर लागतो. ज्याला घाई नाहीं त्यानें पहिल्या दिवशीं हमरस्त्यानें सरळ अलिबागेस न जातां, मीं आतां सांगितलेल्या खारांतल्या गांवांकडे वळावें आणि संध्याकाळपर्यंत अलिबाग गांठावी. बांधावर मात्र सायकल घालूं नये. ओल्या बांधावर चाकानें चर पडतो, चरांतून पाणी वाट काढतें आणि उधाणाला तेवढें निमित्त पुरतें. गांवकऱ्यांनीं परवानगी दिली तर पायीं जाऊन यावें.

दुसऱ्या दिवशीं चौल-रेवदंडा. अलिबागेहून हें अंतर अठरा किलोमीटरांच्या आंत आहे. वाडीमागून वाडी लागते आणि रस्ता पोफळींच्या सावलींतून जातो. चौल हें फार प्राचीन बंदर. रेवदंड्याचा कोट पोर्तुगीजांचा, तो १७४० च्या तहानें मराठ्यांकडे आला. रेवदंड्यापुढें कुंडलिका नदीची खाडी पुलावरून ओलांडावयाची. साळावच्या बाजूस कारखान्याकडे जाणाऱ्या मालमोटारी असतात, तेवढा तुकडा जपून काढावा. पुढें कोर्लई. खाडीच्या तोंडाशीं समुद्रांत घुसलेल्या डोंगरसोंडेवर किल्ला आहे आणि पायथ्याच्या गांवांतील ख्रिस्ती वस्तींत पोर्तुगीज व मराठी यांच्या मिश्रणांतून झालेली एक निराळीच बोली अद्याप बोलली जाते. येथून काशीद, नांदगांव व मुरुड असा रस्ता कधीं पुळणीला लागून तर कधीं टेकडीच्या खांद्यावरून जातो. अलिबागेपासून मुरुडपर्यंतचें अंतर सुमारें पन्नास किलोमीटर आहे. डाव्या हाताला फणसाडचें रान असतें. पूर्वीं तें जंजिरा संस्थानच्या नबाबांच्या शिकारीचें राखीव होतें. १९८६ सालीं तें अभयारण्य झालें. शेकरू हा त्या रानाचा मानकरी.

तिसऱ्या दिवशीं मुरुडहून आगरदांड्यास यावें आणि राजपुरीची खाडी तरींतून ओलांडून दिघीस उतरावें. उजव्या हाताला जंजिऱ्याचा तट दिसतो. हें संस्थान १९४८ सालीं विलीन झालें. दिघीच्या पुढें वर्दळ एकदम कमी होते. दिवेआगर येथें पुन्हां वाड्यांची सावली मिळते. तेथून आरावी, शेखाडी या गांवांवरून श्रीवर्धनास जाणारा रस्ता माझ्या मतें या साऱ्या किनाऱ्यांत उत्तम आहे. एका बाजूला डोंगराची कड, दुसऱ्या बाजूला खालीं समुद्र, आणि मध्यें वळणें घेत चढणारा-उतरणारा अरुंद रस्ता. श्रीवर्धन हें बाळाजी विश्वनाथ पेशव्यांचें मूळ गांव. तेथून हरिहरेश्वर वीसएक किलोमीटर. आणि ज्याच्या पायांत अजून जोर आहे त्याला बागमांडल्याची तर सावित्रीच्या खाडीपलीकडे रत्नागिरी जिल्ह्यांत वेशवीस पोहोंचविते.

हा प्रवास उत्तरेकडून दक्षिणेकडे करावा असें मी कां म्हणतों, तें सांगितलें पाहिजे. हिवाळ्यांत पहांटे जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारा वाहतो. तो मंद असतो. दुपारीं जमीन तापली कीं समुद्रावरून खारा वारा सुटतो आणि या किनाऱ्यावर तो बहुधा वायव्येकडून येतो. म्हणजे दक्षिणेकडे जाणाऱ्याच्या पाठीला त्याचा थोडा तरी हात लागतो, आणि उत्तरेकडे येणाऱ्याच्या तोंडावर तो येतो. दिवसभर थकलेल्या पायांना हा फरक लहान वाटत नाहीं.

दुसरा हिशेब भरती-ओहोटीचा. कोळी बांधवांचा एक सोपा आडाखा आहे: जी तिथि असेल तिची पाऊणपट करावी, तितक्या वाजतां पूर्ण भरती. उदाहरणार्थ, षष्ठीला सहाची पाऊणपट साडेचार. म्हणून पहांटे व दुपारीं सुमारें साडेचार वाजतां भरती, आणि त्याच्या सहा तास आधीं-नंतर ओहोटी. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण असतें. त्या वेळीं खाडीकांठचे सखल रस्ते आणि मोऱ्या टाळाव्या. पक्षी पाहणाराला ओहोटीची वेळ बरी, कारण चिखल उघडा पडला म्हणजे ते त्यावर चरावयास उतरतात. हा आडाखा ढोबळ आहे. तरीवर जावयाचें असल्यास धक्क्यावर चौकशी करून घ्यावी.

तिसरा हिशेब चढाचा. मनुष्य आणि सायकल मिळून पंच्याऐंशी किलो वजन धरलें, तर शंभर मीटर उंची चढण्यास जितकें काम पडतें, तितक्या कामांत सावकाश चालीनें सपाटीवर सात-आठ किलोमीटर जातां येतें. म्हणून या प्रदेशांत दिवसाचें अंतर किलोमीटरांत मोजूं नये. वाटेंत जितक्या खिंडी असतील तितक्यांचा भार त्यांत मिळवावा. नवख्यानें पहिल्या दिवशीं चाळीस किलोमीटर पुरे मानावे. चढावर उतरून सायकल हातीं धरून चालण्यांत कमीपणा नाहीं. जुना वाटसरूही खिंडीच्या माथ्यावर ओझें उतरून बसतच असे. उतारावर मात्र मोह आवरावा. वळणाआड गुरें बसलेलीं असतात आणि सुटी खडी पसरलेली असते. दोन्ही ब्रेक आळीपाळीनें, वळणाच्या आधींच लावावे.

मोसम म्हणाल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा उत्तम. शक्यतों सोमवार ते शुक्रवार जावें. सुटीच्या दिवशीं मुंबई-पुण्याच्या मोटारींनीं अलिबाग, काशीद, मुरुड हा रस्ता भरलेला असतो. बरोबर पंक्चर काढण्याचें सामान, पंप, दिवा आणि पिण्याचें पाणी असावें. खाऱ्या हवेनें सांखळी लवकर गंजते. रोज रात्रीं ती गोड्या पाण्याच्या ओल्या फडक्यानें पुसून, सुकवून, तेलाचे चार थेंब द्यावे.

येथवर सोयीच्या गोष्टी झाल्या. आतां एक चिंतेची गोष्ट सांगतों. खारभूमीचा कांठा पूर्वीं सारा गांव मिळून सांभाळीत असे. खांड पडली कीं ओहोटीच्या वेळांत घराघरांतून माणसें माती घेऊन धांवत, कारण एकाचें शेत गेलें तर सर्वांचें जातें. १९४८ सालीं खारजमिनींसाठीं कायदा झाला, १९७९ सालीं दुसरा झाला, आणि बांधांची बरीच जबाबदारी सरकारकडे गेली. पुढें तरुण मंडळी कामासाठीं शहरांत गेली आणि गांवची एकजुटीची मेहनत ओसरली. आज खांड पडली व वेळींच बुजविली नाहीं, तर प्रत्येक भरतीबरोबर ती रुंदावते. दोन-चार वर्षांत शेतांत तिवर रुजतो. तिवर एकदां वाढला कीं तो तोडतां येत नाहीं. मुंबई उच्च न्यायालयानें २०१८ च्या निकालानें कांदळवन नष्ट करण्यास मनाई केली आहे.

ही मनाई योग्यच आहे. कांदळवन नसेल तर लाटांचा मार कोण झेलील आणि माशांचीं पिलें कोठें वाढतील? परंतु ज्याच्या आजोबांनीं टोपलीनें माती वाहून तें शेत घडविलें, त्याच्या डोळ्यांदेखत तें खाडी होऊन जातें हेंही तितकेंच खरें. यांत शेतकरी आणि तिवर असे दोन शत्रु कल्पूं नयेत. बांध शाबूत असतो तोंवर दोघांनाही जागा असते: बाहेर तिवर, आंत भात, बाहेरचा तिवर लाट मोडतो म्हणून आंतला कांठा टिकतो. खांड पडते तेव्हां ही वांटणी मोडते. म्हणून मूळ प्रश्न वेळच्या वेळीं घातलेल्या मातीचा आहे.

वादळांचा धोकाही आहेच. ३ जून १९२० अशी तारीख आजोबांच्या गोष्टींत असती तर आपण ती विसरलों असतों. पण ३ जून २०२० चें निसर्ग चक्रीवादळ कालचेंच आहे. त्यानें श्रीवर्धन, दिवेआगर, मुरुड या भागांतल्या पोफळीच्या बागा आडव्या केल्या. पोफळ लावल्यापासून सुपारी हातीं येण्यास कित्येक वर्षें लागतात. ज्या सावलीची मीं आतां स्तुति केली, ती पुन्हां उभी करणारे हात तेथें राबत आहेत.

आणखी एक बदल येऊं घातला आहे. रेवसपासून रेडीपर्यंत सागरी महामार्गाची योजना असून खाड्यांवर मोठे पूल व्हावयाचे आहेत. आजाऱ्याला दवाखान्यांत वेळेवर नेतां यावें, मासळी व सुपारी बाजारांत लवकर पोहोंचावी, हा गांवकऱ्यांचा हक्क आहे. आपल्या करमणुकीसाठीं त्यांनीं तरीवर खोळंबून राहावें असें म्हणण्याचा सायकलस्वाराला अधिकार नाहीं. मागणें एवढेंच कीं, नवा रस्ता झाला म्हणून जुना गांवरस्ता टाकून देऊं नये. त्याच्या मोऱ्या साफ असाव्या, कडेचे वड-आंबे राखावे. मोटारी नव्या रस्त्यानें गेल्या तर जुना रस्ता शाळेंत जाणाऱ्या मुलांना, गुराख्यांना आणि सायकलींना मोकळा राहील. आणि असे रस्ते वाढण्याची ही चांगली संधि ठरेल.

शेवटीं, श्रोतेहो, जाणाऱ्यानें काय करावें? गांवांत मुक्काम करावा, तेथलें भात-मासळी खावें, योग्य दाम द्यावें. प्लॅस्टिकची पिशवी खाडींत टाकूं नये. ती उघाडीच्या झडपेंत अडकली तर दार मिटत नाहीं आणि खारें पाणी आंत शिरतें. कोणी बांधावर माती घालीत असेल तर क्षणभर थांबून विचारपूस करावी. शांत रस्ता निसर्गाकडून आयता मिळत नाहीं. एका बाजूनें समुद्राला आणि दुसऱ्या बाजूनें डोंगरच्या पाण्याला आवरून धरणारीं माणसें तो राखतात. सायकलीचा वेग एवढा बेताचा आहे कीं, ह्या माणसांना राम राम घालण्याइतकी सवड तींत सहज मिळते. ती सवड घ्यावी.